पालखेड १७२८: बाजीराव आणि निजाम यांच्या सेनापतित्वाची तुलना नेमकी कशावर करावी?

शिवनाकाठ

नमस्कार मंडळी. १७२८ साली बाजीराव पेशव्यानं दख्खनच्या निजामाला पालखेडपाशी पाण्यावाचून कोंडून तह करायला लावला. त्या मोहिमेवर जे काही फिरत असतं त्यात बाजीरावाच्या घोडदौडीचंच कौतुक असतं, आणि निजाम नुसता फजिती करून घ्यायला येतो. पण हाच निजामुल्मुल्क १७२० साली आधी खांडव्याजवळ मोगल सरदार दिलावरअलीला आणि दोन महिन्यांच्या आत बाळापूरला आलमअलीला हरवतो. १७२४ साली साखरखेर्ड्याला मुबारिजखानाला हरवतो. तिन्ही वेळा समोरचा सेनापती रणातच पडला. पालखेडच्या वेळी निजाम ५६ वर्षांचा होता, बाजीराव २७ चा. इतका मुरलेला माणूस जड तोफा मागं ठेवून कोरड्या मुलखात शिरतो कसा?

दुसरं असं की ही सरळ मराठे विरुद्ध मोगल अशी लढाई नव्हतीच. छत्रपती कोण, शाहू की कोल्हापूरचे संभाजी, या वादाचा आधार घेऊन निजामानं चौथाई (मराठ्यांना द्यायचा महसुलाचा चौथा हिस्सा) अडवली. त्याच्या छावणीत चंद्रसेन जाधव, रावरंभा निंबाळकर असे मराठा सरदार होते. म्हणजे एका अर्थी मराठ्यांच्या यादवीचाच हा भाग. तसं पाहिलं तर दोघांच्या नेतृत्वाची तुलना बदलते का? शाळेच्या इतिहास मंडळासमोर नकाशासकट मांडायचं आहे, म्हणून मुद्दे नेमके हवेत.

---

दौलताबादी

तोफांपासून सुरू करा, बाकीचं आपोआप लागत जातं.

कोणत्याही फौजेचा वेग ठरतो तिच्यातल्या सगळ्यात सुस्त भागावर. निजामाकडचा सुस्त भाग म्हणजे जड तोफा आणि बुणगे, म्हणजे फौजेमागचा न लढणारा लवाजमा. मोठ्या तोफेला बैलांच्या दहा-वीस जोड्या लागतात. सपाट कोरड्या वाटेवर दिवसाला दहा-बारा किलोमीटर झाले तरी चांगली मजल म्हणायची. काळ्या रानात चाक रुततं. प्रत्येक ओढ्याला दोन्ही दरडी फोडून उतार करावा लागतो, आणि एक तोफ अडकली की मागची सगळी रांग थांबते. पुणे ते औरंगाबाद आजच्या रस्त्यानं सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं. म्हणजे तोफा घेऊन वीसेक दिवस, शिवाय मधे गोदावरी.

आता बाजीराव कुठं होता ते बघा. फेब्रुवारीच्या मध्याला तो खानदेशात बेटावदला पोचलेला. तिथून औरंगाबाद साधारण दीडशे किलोमीटर. तंबू-बाजारबुणगे न घेतलेलं घोडदळ रोज चाळीस किलोमीटर धरलं तर चार दिवसांचं काम. निजामासमोर दोनच पर्याय उरले: तोफांसकट जायचं आणि औरंगाबाद लुटलं गेल्यावर पोचायचं, नाहीतर तोफा मागं ठेवून धावायचं. त्यानं दुसरा घेतला. त्या दिवशी त्याच्या जागी कोणीही तोच घेतला असता. खरी गफलत त्याआधीची आहे. पुणे घेऊन तिथं संभाजींना छत्रपती म्हणून बसवणं आणि सुपे-पाटस-बारामती हा मुलूख तोफांनी झोडणं, या कामाला जड फौज बरोबर होती. पण तीच फौज घेऊन पाठलागाच्या लढाईत उतरणं जमणारं नव्हतं, आणि बाजीराव मोहीम कुठल्या प्रकारची करणार याचा अंदाज जालना-सिंदखेडच्या लुटीनंतर नोव्हेंबरातच यायला हवा होता.

१७२० आणि १७२४ च्या विजयांबद्दल एक लक्षात घ्या. त्या तिन्ही लढायांत शत्रूला निजामावर चालून जाणं भाग होतं. त्यांना निजामाला दख्खनमधून हटवायचं होतं. खांडव्याजवळ तर त्यानं तोफा नाल्यात दडवून दिलावरअलीला अंगावर येऊ दिलं. या माणसाची सगळी कारागिरी समोरच्याला हल्ला करायला लावण्यात होती. बाजीरावाला हल्ला करायची गरजच नव्हती. त्याला निजामाचा सुभा घ्यायचा नव्हता, चौथाईचा करार पाळायला लावायचा होता. हेतूच वेगळा असल्यामुळं निजामाचा हातखंडा डाव लागू पडेना.

---

गंगथडी

नकाशा काढणार आहात म्हणून एवढंच: हे पालखेड वैजापूर तालुक्यातलं. नाशिक जिल्ह्यात कादवा नदीवर पालखेड धरण आहे, ते वेगळं. नेटवरच्या बऱ्याच नकाशांत खूण तिकडंच मारलेली असते आणि मग निजाम पुण्याहून औरंगाबादला जाताना नाशकाकडं कशाला गेला, हे कोडं कुणालाच सुटत नाही.

---

मोटकरी

तोफांचं बरोबर आहे, पण तोफा नसल्या म्हणून कुणी शरण येत नाही. शरण येतो तो पाण्यावाचून आणि वैरणीवाचून. तुमच्या मांडणीत हा हिशोब असू द्या, पोरांना लगेच कळतो.

समजण्यापुरतं २० हजार जनावर धरा, सगळी घोडी. एका घोड्याला फेब्रुवारीअखेरच्या उन्हात दिवसाला तीस लिटर पाणी लागतं. झाले सहा लाख लिटर. हत्ती, बैल, उंट, माणसं अजून धरलीच नाहीत. त्या काळी विहिरीतून पाणी काढायचं साधन मोट, म्हणजे बैलांनी ओढायची चामड्याची मोठी पखाल. चांगली बैलजोडी आणि सराईत माणूस असला तर ताशी पाच-सात हजार लिटर निघतं. सहा लाखांसाठी शंभर तास मोट चालली पाहिजे. म्हणजे दहा विहिरी, प्रत्येकीवर एक मोट, रोज दहा तास. आणि काळ्या खडकातल्या उथळ विहिरीला माघ-फाल्गुनात तेवढा झराच नसतो, दोन-तीन तासांत तळ लागतो आणि मग रात्रभर भरायची वाट बघा. तळ्याचा किंवा नदीचा काठ हातात नसेल तर एवढी फौज एका जागी दोन दिवसांच्या वर टिकत नाही.

वैरण: घोड्याला आठ किलो कडबा धरला तरी १६० टन. एका बैलगाडीत साडेसहा क्विंटल बसतो म्हटलं तर रोजच्या अडीचशे गाड्या. त्या दिवसांत वैरण मुलखात नव्हती असं नाही. खरिपाच्या गंजी रचलेल्या असतात, शाळू काढणीला आलेला असतो. पण ती आणायला कही, म्हणजे वैरण गोळा करणारी टोळी, बाहेर पाठवावी लागते. कहीची माणसं दोन-तीन कोसांवर पांगतात, डोक्यावर पेंढ्या असतात, हात मोकळे नसतात. मराठा पथकं टपून बसायची ती यांच्यावरच. दोन-तीनदा कही कापली गेली की चौथ्या दिवशी कोणी छावणीबाहेर जायला तयार होत नाही.

म्हणून 'वेढा' म्हटल्यावर गोल कडं डोळ्यासमोर आणू नका. छावणीपासून तीन किलोमीटरवर कडं काढलं तर त्याचा घेर एकोणीस किलोमीटरच्या आसपास येतो. एवढ्या घेरावर माणूस उभा करायचं कामच नाही. प्रत्येक ओढा, प्रत्येक मोठी विहीर, प्रत्येक गाडीवाट यावर एकेक पथक, आणि मागं राखीव फौज. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे यांची माणसं अशा कामात तरबेज. पथकं पाळीपाळीनं मागं जाऊन आपली जनावरं पाजून आणायची, कारण वेढणाऱ्याच्या घोड्यालाही तेवढंच पाणी लागतं. फरक एवढाच की त्याला मागची वाट मोकळी असते.

आज वैजापूर-गंगापूरकडं गेलात तर नांदूर मधमेश्वरच्या कालव्यामुळं ऊस दिसेल. त्यावरून १७२८ चा अंदाज करू नका.

---

शिवनाकाठ

मोटकरी भाऊ, हा हिशोब तसाच घेतो. मग निजामाच्या उरलेल्या हलक्या तोफा, जंबुरे (उंटावरच्या छोट्या तोफा), बंदुका यांचा काहीच उपयोग झाला नाही का? आणि बाजीरावानं आत घुसून कापाकापी का केली नाही?

---

मोटकरी

उपयोग झाला की. त्यामुळंच बाजीराव आत घुसला नाही. हलक्या तोफा आणि बंदुकांच्या माऱ्यात उघड्या रानातून घोडी घालायची म्हणजे पागाच्या पागा गारद. जे काम तहानेनं चार दिवसांत होणार ते रक्तानं एका दिवसात करून घ्यायची गरज काय? शिवाय निजाम मेला असता तर तहावर शिक्का कुणाचा घेतला असता? पालखेडला मोठी लढाई म्हणावी असं काही झालंच नाही. निजामाचा सरदार ऐवजखान मध्ये पडला, बोलणी झाली आणि ६ मार्च १७२८ ला मुंगी-शेवगावला तह झाला. मुंगी गोदावरीच्या काठी आहे हे नकाशात ठळक दाखवा. बोलणी सुरू झाल्यावरच निजामाच्या फौजेला पाणी दिसलं.

---

उस्मानपुरा_वाचक

दौलताबादी आणि मोटकरी दोघांचं पटतं, पण बाजीरावाची बाजू फार गुळगुळीत झाली.

पुणे गेलं होतं. शाहू महाराजांना बाजीरावाचा भाऊ चिमाजी आप्पासह पुरंदरच्या आसऱ्याला जावं लागलं होतं. पेशव्याचं स्वतःचं घर शत्रूच्या हातात आणि पेशवा गुजरातेत. निजाम अजून महिनाभर पुण्यात बसून राहिला असता आणि पुरंदरावर दाब ठेवला असता, तर शाहूंच्या साताऱ्याच्या दरबारात तडजोडीच्या बाजूचे लोक होतेच. प्रतिनिधी श्रीपतराव आधीपासून निजामाशी जुळवून घ्यायच्या मताचा. हैदराबादेभोवतालची चौथाई सोडून बदल्यात रोकड आणि जहागीर घ्यावी, हे त्याला मान्य होतं. म्हणजे बाजीरावाचा डाव एका गोष्टीवर उभा होता: औरंगाबादला धोका दिसताच निजाम पुणे सोडून धावेल. तो धावला म्हणून आज आपण बाजीरावाला थोर म्हणतो. न धावता, तर?

---

दौलताबादी

प्रश्न रास्त आहे सर. पण तो धावेलच यावर बाजीरावानं आधी खात्री करून घेतली होती, आणि माझ्या मते त्याच्या सेनापतित्वाचा सगळ्यात कसलेला भाग तोच. त्याचा क्रम बघा.

नोव्हेंबर १७२७ मध्ये जालन्याच्या बाजूला ऐवजखानाशी गाठ पडली. ऐवजखान त्याला मुलखाबाहेर काढू शकला नाही. म्हणजे निजाम स्वतः आल्याशिवाय औरंगाबादचा सुभा राखला जात नाही, हे दोन्ही बाजूंना कळलं. मग वाशीम-मंगरूळकडं जाऊन बाजीरावानं बऱ्हाणपूरवर चाल केल्याची हूल उठवली. निजाम खरंच तिकडं वळला. हूल पाहून निजाम हलतो हे इथं सिद्ध झालं. त्यानंतर बाजीराव खानदेशातून गुजरातेत उतरला. तिथला सुभेदार सरबुलंदखान निजामाच्या मदतीला येण्याची शक्यता नव्हती. दोनतीन वर्षांपूर्वी निजामाचाच चुलता हमीदखान सरबुलंदखानाविरुद्ध लढला होता. म्हणजे पाठीमागं शत्रू पण आपल्या शत्रूचा मित्र नाही, अशी जागा त्यानं निवडली.

तेव्हा पुण्याच्या वेळी केलेली हूल ही तिसरी होती, आंधळा जुगार नव्हे. निजामाला बातम्या मिळत नव्हत्या असंही नाही. मिळायच्या, पण तीन-चार दिवस शिळ्या. घोडदळ त्या तीन-चार दिवसांत दीडशे किलोमीटर सरकतं. ताजी बातमी आणि शिळी बातमी यातलं अंतर दोघांच्या नकाशावर तारखांनी दाखवता आलं तर तुमची अर्धी तुलना तिथंच होईल.

तरी तुमचा मुद्दा उरतोच. पुण्याच्या रयतेनं जे सोसलं ते या डावाची किंमत म्हणून मांडलंच पाहिजे. ते वगळून केलेली तुलना म्हणजे पोवाडा.

---

खेड१७०७

यादवीच्या मुद्द्याकडं कोणी वळलं नाही म्हणून लिहितो.

ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडला ताराबाई आणि शाहू यांच्या फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंच्या बाजूचा धनाजी जाधव शाहूकडं गेला आणि लढाईचा निकाल तिथंच लागला. त्याच धनाजीचा मुलगा चंद्रसेन १७११ मध्ये बाळाजी विश्वनाथाशी बिनसून शाहूला सोडून गेला, आधी ताराबाईंकडं, मग निजामाकडं, आणि भालकीची जहागीर घेऊन बसला. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर राजसबाईंनी ताराबाईंना बाजूला सारून आपल्या मुलाला, संभाजींना, गादीवर बसवलं. या सगळ्यात सरदाराची निष्ठा गादीपेक्षा वतनाशी जास्त बांधलेली. निजाम हे पुरेपूर ओळखून होता, आणि मराठा सरदार फोडण्यात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. नेतृत्व म्हणून त्याचा गुण हा.

पण फोडलेला माणूस लढाईत किती उपयोगी? संभाजींना राज्य हवं, चंद्रसेनाला पेशव्यांच्या भट घराण्यावर सूड हवा, निंबाळकराला जहागीर राखायची. प्रत्येकाचं उद्दिष्ट वेगळं, आणि निजामाच्या छावणीत त्या सगळ्यांना सांभाळत चालणं हाही एक बोजाच होता. बाजीरावानं उलट केलं. जुन्या वतनदार घराण्यांवर विसंबण्याऐवजी होळकर, शिंदे, पवार अशी नवी माणसं वर आणली. त्यांची भरभराट मोहिमेतल्या यशाशीच जोडलेली, त्यामुळं वाटेत फुटायचं कारण नाही. पाच महिने फौज अनेक तुकड्यांत पांगवून पुन्हा ठरल्या जागी गोळा करणं अशा माणसांवाचून शक्य नव्हतं.

खरीखुरी यादवी बघायची असेल तर पालखेडच्या पुढं तीन वर्षं जा. १ एप्रिल १७३१, डभोई. समोर सेनापती त्र्यंबकराव दाभाडे. इथं बाजीराव वेढा-पाणी-वैरण यातलं काहीच करत नाही, सरळ भिडतो. कारण समोर मराठा घोडदळच आहे, त्याला उपाशी पाडता येत नाही, तेही तितकंच चपळ. आणि दाभाड्याला निजाम येऊन मिळायच्या आत उरकायचं होतं. त्र्यंबकराव हत्तीच्या पायात साखळ्या घालून लढला आणि गोळी लागून पडला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १३ एप्रिलला, शाहू-संभाजींमध्ये वारणेचा तह झाला. पालखेड आणि डभोई शेजारी ठेवले की कळतं, वेग हा बाजीरावाचा एकमेव डाव नव्हता. समोरच्याचं दुखणं कुठं आहे ते पाहून तो औषध बदलायचा.

---

गोदातीर_गेवराई

निजाम यातून काही शिकला की नाही, हेही तुलनेत यायला पाहिजे. शिकला.

डिसेंबर १७३७, भोपाळ. पुन्हा बाजीरावानं त्याला कोंडलं. पण या वेळी निजाम तोफा सोडून हलला नाही. भोपाळच्या आसऱ्याला राहिला, आणि बाहेर पडला तेव्हा तोफांच्या आडोशानं दिवसाला थोडं थोडं सरकत निघाला. मराठ्यांना त्याच्यावर तुटून पडता आलं नाही. दक्षिणेतून निजामाचा मुलगा नासिरजंग यानं मदत आणू नये म्हणून चिमाजी आप्पाला तापीवर ठेवावं लागलं. ७ जानेवारी १७३८ ला दुराई सराईचा तह झाला, माळवा द्यायचं कबूल झालं, पण निजाम फौजेसकट सुटला. १७४० च्या सुरुवातीला तर गोदावरीच्याच मुलखात नासिरजंग भक्कम तोफखाना घेऊन उतरला, आणि बाजीरावाच्या पदरी हंडिया-खरगोण एवढंच पडलं. पालखेडचा कित्ता तोफा फौजेपासून तुटल्या तरच गिरवता येतो.

निजामाचा दुसरा मुलगा निजामअली मात्र बापाचा धडा ऑगस्ट १७६३ मध्ये आमच्या राक्षसभुवनला विसरला. तीच गोष्ट, फक्त पाणी नसल्याची जागा जास्त पाण्यानं घेतली. त्यानं पुणे लुटलं, मराठ्यांनी हैदराबादेकडचा मुलूख लुटला. परतताना गोदावरीला पावसाळी पूर. निजामअली निम्मी फौज घेऊन उत्तर काठाला गेला आणि दिवाण विठ्ठल सुंदर दक्षिण काठाला मागं राहिला. १० ऑगस्टला माधवराव पेशवा आणि त्याचा चुलता राघोबा यांनी त्याला गाठलं, विठ्ठल सुंदर मारला गेला, निजामअली पलीकडून बघत राहिला. आणि यादवी इथंही आहेच: वर्षही झालं नव्हतं, आळेगावला राघोबानं पुतण्याला शरण यायला लावलं होतं, आणि नागपूरचे जानोजी भोसले ऐन मोहिमेत निजामाला सोडून पेशव्याकडं आले ते ३२ लाखांच्या मुलखाच्या बोलीवर. माणसं फोडायची निजामाची कला तोवर पेशव्यांनीही उचलली होती.

---

शिवनाकाठ

सगळ्यांचे आभार. आता नकाशाचं सांगा. एकच काढू की दोन?

---

गंगथडी

एकच, पण मोठा. कार्डशीट चार जोडा. आधी नद्या आणि डोंगर काढा: तापी, गिरणा, गोदावरी, शिवना, अजिंठा-सातमाळ्याची रांग. गावं नंतर. बाजीरावाची वाट एका रंगात, निजामाची दुसऱ्या, आणि दर पंधरवड्याला दोन्ही वाटांवर एकाच आकड्याचा ठिपका. म्हणजे कोण कुठं असताना दुसरा कुठं होता ते लगेच दिसतं. जड तोफा जिथं मागं राहिल्या तिथून पुढं निजामाची रेघ तुटक काढा.

तारखांमध्ये कोंडी झाल्याची तारीख कुठं २५ तर कुठं २८ फेब्रुवारी छापलेली दिसेल. ठिपक्यापाशी 'फेब्रुवारीअखेर' लिहा, तहाला मात्र ६ मार्च घाला.

आणि गोदावरी आजच्या नकाशावरून गिरवू नका. पैठणच्या वर नाथसागर दिसतो, तो जायकवाडीनंतरचा. ते पाणी खोडून मूळ पात्र काढा, नाहीतर पोरं विचारतील, एवढा समुद्र जवळ असताना निजाम तहानला कसा.